वाचनाची सुरुवात कानापासून

बालसंगोपनावर लिहिण्याचा खरा अधिकार बालरोगतज्ज्ञांचा. मी एक सामान्य वैद्यकीय व्यावसायिक आहे. तरीही स्मरणिकेच्या संपादक मंडळाने हा विषय सुचविला, तेव्हा मी तो वैद्य म्हणून नव्हे तर पिता म्हणून स्वीकारला. दवाखान्यात बसून इतरांच्या मुलांविषयी जे मी आत्मविश्वासाने सांगत होतो, तेच माझ्या स्वतःच्या घरात मला दिसले नाही. त्या अनुभवातून जे शिकलो ते आपल्या पांढुर्णा-सौंसर परिसरातील वैद्यक बंधुभगिनींपुढे आणि पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझी कन्या आता सज्ञान आहे आणि तिच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे.

विकासाचे टप्पे : परंपरा आणि शास्त्र

बाळाच्या वाढीचे टप्पे आपल्या समाजाला नवे नाहीत. पाचवी, बारसे, उष्टावण, पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण या साऱ्या विधींतून बाळाची वाढ घरादाराच्या नजरेखाली राहत असे. बाळ पालथे पडले, बसू लागले, त्याला पाय फुटले, म्हणजे ती वार्ता शेजारीपाजारी पोहोचत असे. घरातील आजी हीच त्या काळची नोंदवही होती. कोणत्या नातवंडाने केव्हा पहिले पाऊल टाकले, हे तिला तिथीवार आठवत असे.

शास्त्राने या निरीक्षणाला मोजमापाची जोड दिली. अमेरिकेत आर्नल्ड गेसेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालविकासाचे पद्धतशीर टप्पे मांडले. पुढे भारतीय बालकांसाठी स्वतंत्र मोजपट्टी तयार झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी हे काम केले, याचा मराठी माणसाला विशेष अभिमान वाटावा. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी असलेल्या त्यांच्या चाचणीत हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक तपासले जातात. केरळमध्ये डॉ. एम. के. सी. नायर यांनी १९९१ मध्ये केवळ १७ घटकांचा सुटसुटीत त्रिवेंद्रम तक्ता प्रसिद्ध केला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी तो आरोग्य सेविकेलाही सहज वापरता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील आकडे प्रत्येक पालकाने पाहण्यासारखे आहेत. आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, तर एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने एवढा विस्तृत आहे. विशेष म्हणजे सुमारे ४.३ टक्के बालके हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरी ती निरोगी होती.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. टप्पा म्हणजे ठरावीक तारीख नसून एक कालखंड असतो, म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्या कालखंडालाही शेवट असतो. तो ओलांडल्यावर 'होईल हळूहळू' म्हणून स्वस्थ बसणे योग्य नाही. लवकर गाठलेल्या टप्प्याचे कौतुक आणि उशिरा येणाऱ्या टप्प्याकडे दुर्लक्ष, या दोन चुका बहुधा एकाच घरात घडतात. आमच्या घरी तसेच घडले.

आमच्या घरची हकीकत

आमच्या कन्येचा जन्म डिसेंबर २००३ चा. बाळंतपण सुरळीत झाले. वजन उत्तम होते. कावीळ वाढली नाही की अतिदक्षता विभागात ठेवण्याची वेळ आली नाही. घराण्यात कोणाला बहिरेपण नव्हते. दुसऱ्या महिन्यात ती हसू लागली, सातव्या महिन्यात बसली आणि अकराव्या महिन्यात चालली. मी प्रत्येक टप्पा रोजनिशीत टिपत होतो आणि मित्रांना अभिमानाने सांगत होतो.

त्या सुमारास मी नागपूरहून रंगीत चित्रकार्डे आणि अक्षरकार्डे आणली. लहान वयातच अक्षरओळख झाली, तर मूल पुढे राहते, असे तेव्हा सर्वत्र बोलले जाई. तिची आई समोर बसून कार्डांची नावे घेई आणि ती अचूक कार्डावर बोट ठेवी. दीड वर्षाची असताना ती पंधरा-वीस कार्डे ओळखत असे. घरी पाहुणे आले की हा कार्यक्रम होई आणि सारे थक्क होत. ती स्वतः मात्र 'आई' आणि 'बा' यांपलीकडे फारसे बोलत नव्हती. 'अक्षरे ओळखते म्हणजे बुद्धी तल्लख आहे, बोलेल सावकाश', अशी मी सर्वांची समजूत घालत असे.

शंका घेतली ती माझ्या आईने. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "डॉक्टर झाला तू, पण पोरगी पाठमोरी असली का हाक ऐकत नाही, हे काऊन दिसत नाही तुले? तोंडाकडे पाहून समजते ते." मी ते हसण्यावारी नेले. कारण माझ्याजवळ 'पुरावा' होता. आदल्या वर्षी, २००४ च्या पोळ्याला, बैलांच्या मिरवणुकीतील वाजंत्री ऐकून नऊ महिन्यांची ती दचकून रडली होती. दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या वेळी जाम नदीकडून येणाऱ्या ढोलांच्या आवाजाकडेही तिने मान वळविली होती. ताटावर चमचा वाजविला की ती पाहत असे. मग ऐकू येत नाही असे कसे म्हणावे?

आईने पुन्हा दोन-तीनदा तेच सांगितले. शेवटी तिचे समाधान व्हावे म्हणून, ऑगस्ट २००५ मध्ये, आम्ही नागपूरला श्रवण तपासणी करून घेतली. बेरा चाचणीत दोन्ही कानांत सुमारे ५५ डेसिबलचा कायमस्वरूपी श्रवणदोष निघाला. कन्या तेव्हा वीस महिन्यांची होती.

ताटाचा आवाज आणि माणसाचा शब्द

माझे कोठे चुकले, हे वैद्यक मंडळींनी तरी नीट ध्यानात घ्यावे. मोठा आवाज ऐकू येणे आणि भाषा ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मीटर अंतरावरील साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. ढोल, फटाके, जवळून वाजविलेले ताट यांचा आवाज त्याहून कितीतरी मोठा असतो. ५५ डेसिबलचा दोष असलेल्या बालकाला ढोल ऐकू येतो, मांडीवर घेऊन कानाशी बोललेलेही थोडे ऐकू येते. परंतु अंगणातून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि 'स', 'श', 'फ' यांसारखे क्षीण ध्वनी तर जवळूनही निसटतात. अशा मुलाला शब्द ऐकू येतो तो झिजलेल्या नाण्यासारखा. नाणे आहे हे कळते, छाप वाचता येत नाही. म्हणून ताट किंवा टाळी वाजवून केलेली परीक्षा ही श्रवणचाचणी होऊ शकत नाही.

दुसरी फसगत बाळाच्या आवाजाने होते. ऐकू न येणारे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, ओरडते. फरक दिसतो तो पुढे. सर्वसाधारण बाळ सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' अशी स्पष्ट अक्षरमाला म्हणू लागते. श्रवणदोष असलेल्या बाळात ती उशिरा येते किंवा येतच नाही.

तिसरी गोष्ट जोखमीची. दर हजार नवजात बालकांमागे साधारणतः एक ते तीन बालकांत कायमस्वरूपी श्रवणदोष आढळतो, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत कोणतेही जोखमीचे कारण नसते. आमच्या कन्येचे तसेच होते. केवळ 'धोक्यातील' बालके तपासली, तर उरलेली निम्मी हातून सुटतात.

वेळेचे महत्त्व किती, हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळते. ज्या बालकांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या बालकांहून स्पष्टपणे सरस आढळली. म्हणूनच एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार हे सूत्र आज जगभर मानले जाते. आमच्या घरी वीस महिने लागले.

मराठी सोडावी काय?

निदान होण्यापूर्वी एका परिचितांनी सल्ला दिला होता की घरात मराठी, बाहेर हिंदी, यामुळे मूल गोंधळले आहे. पुढे शाळा हिंदीच असणार, तेव्हा घरातही हिंदीच बोला. आम्ही तो मानला. परिणाम असा झाला की घरात सर्वांत अधिक बोलणारी व्यक्ती, म्हणजे माझी आई, गप्प झाली. तिला हिंदी कळत असे, पण लेकराशी लाडाने बोलण्याची तिची भाषा ती नव्हती. अंगाई थांबली, बोटांचे खेळ थांबले, कापूस वेचायला गेलेल्या बायांच्या गोष्टी थांबल्या. आधीच कमी ऐकू येणाऱ्या मुलीच्या कानावर पडणारे शब्द आम्ही चार महिने आणखी कमी केले. या चुकीचे मला आजही अधिक वाईट वाटते.

दोन भाषांमुळे बोलण्यास खरा विलंब होत नाही, हे आज निःसंशय मान्य आहे. द्विभाषिक मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरावे लागतात, इतकेच. आपल्या भागातील मूल 'केळी' आणि 'केला', 'शाळा' आणि 'शाला' हे दोन्ही सहज पेलते. शिवाय या भाषांचे बी फार लवकर रुजते. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील फरक ओळखू शकत होती. दहा ते बारा महिन्यांची बाळे बहुतांशी ते करू शकली नाहीत. जो ध्वनी कानावर पडतो तो टिकतो, जो पडत नाही त्याची ओळख पुसट होते. आपला 'ळ' हिंदी शाळेत भेटणार नाही. तो घरातच मिळायला हवा, आणि पहिल्या वर्षातच मिळाला तर उत्तम.

अक्षरकार्ड की मांडीवरचे पुस्तक?

आता लवकर वाचनाविषयी. तान्ह्या बाळाला वाचावयास शिकविता येते हा विचार ग्लेन डोमन यांच्या १९६४ च्या पुस्तकाने लोकप्रिय केला. पुढे त्यावर कार्डे आणि चित्रफितींचा मोठा व्यापार उभा राहिला. त्याची कसोटी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लागली. नऊ ते अठरा महिन्यांच्या ११७ बालकांपैकी काहींना सात महिने अशा साधनांचा वापर करू दिला गेला. त्यांच्यात आणि इतर बालकांत वाचनकौशल्याचा फरक जवळजवळ आढळला नाही. फरक पडला तो पालकांच्या समजुतीत. आपले मूल वाचू लागले आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. हे वाचताना मला आमच्या घरातील पाहुण्यांपुढचे कार्यक्रम आठवले.

वाचन म्हणजे अक्षर ओळखणे एवढेच नव्हे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र सोपे आहे. लिपी उलगडण्याची क्षमता आणि ऐकून समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. लिपी पाच-सहा वर्षांच्या वयात शिकता येते. ऐकून समजण्याची बाजू मात्र पाळण्यापासून भरत जाते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. परिसरातील पाने, बिया, शिंपले यांतून, गाणी आणि गोष्टींतून मुलांना शिकविले. पाटी-पेन्सिलीची घाई न करणारा तो मार्ग आजच्या शास्त्राशी मिळताजुळता आहे.

तान्ह्या बाळासमोर पुस्तक मुळीच धरू नये, असा याचा अर्थ नाही. पुस्तक अवश्य धरावे, पण ते मांडीवर बसवून, आणि परीक्षेसाठी नव्हे तर बोलण्यासाठी. अमेरिकेत बोस्टन येथील रुग्णालयात १९८९ पासून बालरोगतज्ज्ञ तपासणीच्या वेळी मुलाच्या हाती पुस्तक देऊ लागले. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ पासून जन्मापासूनच मोठ्याने वाचून दाखविण्याचा सल्ला दिला आहे. जाड पुठ्ठ्याचे चित्रपुस्तक बाळाने तोंडात घातले तरी रागावू नये, त्या वयाची तीच रीत आहे. चित्रातील गाय दाखवून गोठ्यातील गाय दाखवावी. संत्र्याचे चित्र दाखवून बगीच्यातील संत्रे हाती द्यावे. बाळाने बोट दाखविले की थांबून त्याविषयी बोलावे. पुस्तक नसेल तर जुनी दिनदर्शिका किंवा वर्तमानपत्रातील चित्रही चालते. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

पालकांनी काय पाहावे?

पुढील खुणा घरच्या घरी पाहण्याजोग्या आहेत. मूल अपुऱ्या दिवसांचे असल्यास वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

१. तीन महिन्यांपर्यंत बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल.
२. चार-पाच महिन्यांनंतरही मान धरत नसेल.
३. सहा-सात महिन्यांनंतर न दिसणाऱ्या माणसाच्या साध्या आवाजाकडे वळत नसेल.
४. दहा महिन्यांनंतर आधाराशिवाय बसत नसेल.
५. वर्षाचे झाले तरी 'बाबाबा' सारखे बोल नसतील, बोट दाखविणे, टाटा करणे नसेल किंवा नावाने हाक मारल्यास प्रतिसाद देत नसेल.
६. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल.
७. अठरा महिन्यांपर्यंत एकट्याने चालत नसेल.
८. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नसेल.
९. कोणत्याही वयात आलेले बोल किंवा हसणे-खेळणे नाहीसे झाले असेल.

यांपैकी एकही खूण दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बोलण्याविषयी शंका असल्यास पहिली तपासणी कानाची असावी, बोलके खेळणे किंवा कार्डे आणण्याआधी.

वैद्यक मंडळींना विनंती

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. तिचा लाभ प्रत्येक गावापर्यंत पोहोचविणे आपल्याही हाती आहे. नवजात बाळाची ओएई चाचणी झोपेतल्या बाळावर काही मिनिटांत होते, टोचावे लागत नाही. आपल्या मंडळींनी मिळून एक सुटसुटीत यंत्र घेऊन ते ठरावीक वारी पांढुर्ण्यात आणि ठरावीक वारी सौंसरला उपलब्ध करावे, असा माझा प्रस्ताव आहे.

तोपर्यंत एक बिनखर्चाची गोष्ट आपण सारे करू शकतो. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आणि सोळा ते चोवीस महिन्यांतील बूस्टर यांसाठी मूल आपल्यासमोर येतेच. त्या वेळी वजनाबरोबर एक प्रश्न विचारावा, 'पाठमोरे असताना हाक ऐकते का?' आणि तो आईबरोबरच सोबत आलेल्या आजीलाही विचारावा.

कन्येला दोन्ही कानांची श्रवणयंत्रे बाविसाव्या महिन्यात लागली. सुमारे महिनाभराने ती ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसली असताना माझ्या आईने स्वयंपाकघरातून नेहमीची हाक मारली आणि ती वळली. त्या दिवसापासून आईला पुन्हा मराठीत बोलण्यास कोणी अडविले नाही. पुढे अनेक महिने दर आठवड्याला सकाळच्या गाडीने नागपूरला वाणीउपचारासाठी जावे लागले. 'स' आणि 'श' सातव्या वर्षापर्यंत नीट जमले नाहीत. अक्षरकार्डे मी कपाटात ठेवून दिली. लिपी ती शाळेत इतर मुलांबरोबरच शिकली, आणि आजीच्या गोष्टी ऐकलेल्या असल्यामुळे मराठी पुस्तके आपली आपण वाचू लागली.

गेलेले वीस महिने परत मिळत नाहीत. ते दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, एवढीच या लेखामागील नम्र अपेक्षा.